रोड बाइकचा मागचा टायर सारखा पंक्चर होतोय? नवा टायर घेण्याआधी जुन्या ट्यूबचं भोक बघा

लक्षण नेहमीचंच. पंधरा दिवसांत तिसरं पंक्चर, तेही मागच्याच चाकाला. ट्यूब बदलली, ठिगळ लावलं, रात्री हवा टणक होती आणि सकाळी चाक परत बसलेलं. मग "सगळ्यात पंक्चरप्रूफ टायर कोणता" याची चौकशी सुरू होते, महागडा जाड टायर येतो, आणि आठवड्याभरात तोही पंक्चर होतो. कारण दोष रिमटेपमध्ये (रिमच्या आत स्पोकची भोकं झाकणाऱ्या पट्टीत) होता, किंवा हवा कमी होती, किंवा कोणता टायर हवा हे ठरवताना रस्ता आणि वजन यांचा विचारच झाला नव्हता. म्हणून आधी निदान, मग खरेदी.

ट्यूब काढताना एक खूण सांभाळा

टायरवरचा कंपनीचा शिक्का नेहमी व्हॉल्व्हच्या अगदी जवळ, त्याच रेषेत येईल असा बसवायचा, चेनच्या बाजूला. पंक्चर झाल्यावर ट्यूब बाहेर काढून फुगवली, भोक सापडलं, की ती ट्यूब टायरच्या शेजारी धरायची. व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचं अंतर टायरवर मोजलं की घुसलेली वस्तू कुठे अडकली असेल ते बोटभर जागेत कळतं. शिक्का कुठेही असेल तर अख्खा टायर चाचपावा लागतो, आणि तिथेच तार राहून जाते. ट्यूब डावी-उजवी उलटली असण्याची शक्यता असते, म्हणून व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर तपासा.

भोक सापडत नसेल तर ट्यूब नेहमीपेक्षा दुप्पट जाड होईपर्यंत फुगवा आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत न्या. व्हॉल्व्हही बुडवा. प्रेस्टा (रोड बाइकच्या बारीक) व्हॉल्व्हच्या बऱ्याच ट्यूबमध्ये आतली कांडी सुटी असते. ती सैल झाली तर बुडबुडे तिथूनच येतात आणि ठिगळाची गरजच नसते, घट्ट पिळली की काम झालं.

आता भोक कुठे आहे ते बघा.

रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर बाहेरून काहीतरी घुसलंय: काटा, काच किंवा तार. हा एकच प्रकार असा आहे की ज्यावर चांगला टायर हे खरं उत्तर आहे.

शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या, असतील तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चेमटली. हवा कमी होती किंवा टायर वजनाच्या मानाने अरुंद होता. इथे जाड पट्ट्याचा टायर घेऊन काही फरक पडत नाही. रुंद टायर आणि योग्य हवा हेच औषध.

आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे भोक असेल तर रिमटेप उघडून बघा. स्वस्त रोड बाइक आणि हायब्रिडवर बरेचदा नुसती ताणून बसवलेली रबरी पट्टी येते. ९० पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) ट्यूब ती पट्टी दाबून स्पोकच्या भोकात फुगते आणि भोकाच्या काठावर कापली जाते. प्लास्टिकची पट्टी उन्हाळ्यात मऊ होऊन बाजूला सरकते, परिणाम तोच. कापडी, मागे गोंद असलेली टेप लावा. रुंदी एवढीच की सगळी भोकं झाकली जातील, पण टायरची कड रिममध्ये जिथे बसते त्या खाचेवर टेप चढणार नाही. टेप लावण्याआधी प्रत्येक भोकावरून कापूस फिरवा. धातूची धार असेल तर कापूस अडकतो, ती पॉलिश पेपरने घासून काढा.

व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर ठिगळ टिकत नाही, ट्यूब टाकून द्या. कारण बहुधा छोट्या हातपंपाने हवा भरताना व्हॉल्व्ह हलणं, किंवा कमी हवेत चालवल्यामुळे टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह तिरका होणं. श्रेडर व्हॉल्व्हच्या (मोटरसायकलसारख्या) मोठ्या भोकाच्या रिममध्ये बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह तसाच घातला असेल तरीही हेच होतं. श्रेडरला ८ मिमीच्या आसपास भोक लागतं, प्रेस्टाला ६. मधली फट भरणारी छोटी रिंग मिळते, ती बसवा.

भोक टायरच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीत असेल तर टायरची भिंतही बघा. ब्रेकचं रबर वर सरकून टायरला घासत असेल तर तिथे गोल रेघ उमटलेली दिसते. ब्रेक नीट बसवल्याशिवाय नवा टायर चढवू नका, तोही आठवड्यात कापला जाईल.

न दिसणारी तार

महाराष्ट्रातल्या हायवेवर वारंवार होणाऱ्या पंक्चरमागे एक ठरलेला गुन्हेगार आहे. ट्रकचे रेडियल टायर फुटले की त्यातल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे कडेच्या पट्टीत पसरतात, आणि सायकलवाला चालतो नेमका तिथूनच. सुईहून बारीक, अर्धा सेंटिमीटर लांब असा हा तुकडा रबरात उभा रुततो. बाहेरून त्याचं फक्त टोक दिसतं, तेही दिसलं तर. वजन पडलं की तो आत टोचतो, वजन उतरलं की मागे येतो. त्यामुळे हवा हळूहळू जाते. ट्यूब बदलली तरी तार टायरमध्येच असते आणि दुसरी ट्यूबही तशीच जाते. "नवी ट्यूब टाकली तरी दोन दिवसांत पंक्चर" याचा अर्थ बहुतेक वेळा हाच.

काढायची पद्धत: टायर आतून बाहेर उलटा. भोकाच्या जागेवरून आधी कापसाचा बोळा फिरवा, मग बोटाचं टोक अगदी हलक्या हाताने. कापसाचा धागा अडकला की तार सापडली. टायर तिथे दोन्ही हातांनी वाकवा, चीर उघडते. आतून सुईने ढकला, बाहेरून नेलकटर किंवा बारीक चिमट्याने ओढा. नखाने काढायचा प्रयत्न केला तर तार तुटते आणि अर्धी आत राहते.

काट्याचंही असंच. वेड्या बाभळीचा काटा लांब आणि चिवट, तो मधल्या जाड भागातूनही आरपार जातो आणि टोक आत मोडतं. सराटा लहान, पण रस्त्यावर कसाही पडला तरी त्याचं एक टोक वरच असतं. माण-खटाव, नगर, सोलापूरकडच्या रस्त्यांवर पावसाळा संपल्यावर कडेला त्याचे वेल सुकतात. तिथे फोटो काढायला बाइक कच्च्यात उतरवली की एका चाकात चार-पाच सराटे येतात. सगळे काढा, एकावर थांबू नका.

पावसाळ्यात पंक्चर वाढतात ते वेगळ्याच कारणाने. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, आणि वाहून आलेली काच-खडी कडेला साठते. शिवाय ओल्या टायरला कण चिकटून राहतात आणि प्रत्येक फेरीत थोडे थोडे आत जातात. पाऊस थांबला की पाच मिनिटं थांबून टायर पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

टायर खरंच संपलाय का

या गोष्टी दिसल्या तर बदला: रबराखालचे धागे उघडे पडलेत, भिंतीला फुगवटा आलाय, ३-४ मिमीहून मोठी आरपार चीर आहे, कुशीतले धागे सुटून पिंजले गेलेत, किंवा मधला भाग झिजून सपाट झाल्यामुळे टायरचा आकार गोलाऐवजी चौकोनी वाटतोय. कॉन्टिनेंटलच्या बऱ्याच टायरवर दोन बारीक खळगे असतात. ते बुजले की टायर संपला. नुसत्या बारीक वरवरच्या चिरांसाठी टायर फेकू नका.

मागचा टायर पुढच्यापेक्षा दुपटीहून लवकर झिजतो, कारण वजन आणि पायाचा जोर दोन्ही त्याच्यावर. एकच टायर घ्यायचा असेल तर नवा पुढे बसवा आणि पुढचा मागे टाका. उलट वाटतं, पण घाटात उतरताना पुढचा टायर फुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. मागचा फुटला तर बाइक फरफटत का होईना थांबवता येते.

माप: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

टायरच्या कुशीत "२५-६२२" किंवा "२८-६२२" असा आकडा शोधा. पहिला आकडा रुंदी, दुसरा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. फक्त यावरच विश्वास ठेवा.

इंचातली मापं दिशाभूल करतात. रोड बाइकचं ७०० सी, माउंटन बाइकचं २९ इंच आणि युरोपियन कंपन्या काही टायरवर छापतात ते २८ इंच, या तिन्हींचा व्यास ६२२ मिमीच आहे. पण गल्लीतल्या सायकल दुकानात "२८ चा टायर द्या" म्हणालात तर मिळेल तो दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा २८ × १½, आणि त्याचा व्यास ६३५. तो तुमच्या रिमवर सहज चढेल, म्हणून बसला असं वाटेल, आणि हवा भरताना रिममधून निसटेल. १३ मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही. हायब्रिडवरही गंमत आहे: "७०० × ३५ सी" छापलेल्या टायरवर बरेचदा शेजारी ३७-६२२ लिहिलेलं असतं. जागा मोजताना ३७ धरा.

किती रुंद घ्यायचा

आपल्या रस्त्यांसाठी आमचं स्पष्ट मत: फ्रेममध्ये बसेल तेवढा रुंद, निदान २८. अरुंद टायर वेगवान ही समजूत गुळगुळीत ट्रॅकपुरती ठीक. खडबडीत डांबरावर जास्त हवेचा २३ चा टायर उडत जातो, आणि ती ऊर्जा अंग हादरवण्यात वाया जाते. रुंद टायरमध्ये कमी हवा चालते, खड्ड्याच्या काठावर ट्यूब चेमटत नाही, आणि २०० किंवा ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये) शेवटच्या शंभर किलोमीटरला हात आणि कंबर शाबूत राहते.

पण आधी जागा मोजा. तीन ठिकाणं: पुढच्या ब्रेकच्या खाली, मागच्या ब्रेकच्या खाली, आणि पेडलच्या मागे जिथे फ्रेमच्या खालच्या दोन नळ्या चाकाला सगळ्यात जवळ येतात. सध्याच्या टायरला हवा भरून त्या फटीत ॲलन की (षटकोनी पाना) घालून बघा. नवा टायर २५ ऐवजी २८ असेल तर प्रत्येक बाजूला साधारण दीड मिमी आणि उंचीला तीनेक मिमी जागा जाईल. ती गेल्यावरही ४ मिमीची ॲलन की सर्व बाजूंनी फिरायला हवी. पावसाळ्यात चालवणार असाल तर ६. खडीचा एक दाणा ब्रेकखाली अडकला की रंग खरवडून थेट फ्रेमपर्यंत जातो. जुन्या कॅलिपर ब्रेकच्या (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या) बऱ्याच बाइकना २५ पर्यंतच जागा असते. तिथे २८ दाबून बसवू नका.

रिमही बघा. रिमची आतली रुंदी १९ किंवा २१ मिमी असेल तर २८ चा टायर प्रत्यक्षात २९-३० भरतो. १३-१५ मिमीच्या जुन्या रिमवर तोच टायर छापलेल्या मापापेक्षा थोडा कमी भरतो. व्हर्नियर असेल तर बसवून एक दिवसाने मोजा, नवीन टायर थोडा सैलावतो.

हुकलेस रिम असेल, म्हणजे रिमच्या काठाला आतल्या बाजूला वळण नसेल, तर दोन अटी काटेकोर पाळा. टायरवर हुकलेस चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि हवा ७२.५ पीएसआयच्या वर कधीच नाही. आत ट्यूब टाकली तरी अट तीच. रिमच्या आतल्या रुंदीला किमान किती रुंद टायर चालतो ते रिम कंपनीच्या तक्त्यात बघा.

मग टायर कोणता

टायरमध्ये तीन गोष्टींची देवाणघेवाण असते: वेग, पकड, पंक्चरपासून बचाव. तिन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत.

वेगवान टायर, जसे कॉन्टिनेंटल ग्रँड प्री ५०००, हलके (२५ मिमीचा सुमारे २२० ग्रॅम) आणि लवचिक. ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली) बारीक विणीचा संरक्षक पट्टा असतो, पण कुशी पातळ. चांगल्या डांबरावर रोजच्या सरावाला आणि शर्यतीला हे उत्तम आहेत. पण कडेच्या खडीत सारखं उतरावं लागत असेल तर यांच्या कुशी चिरतात, आणि कुशीतली चीर म्हणजे टायर गेला.

मधला वर्ग बहुतेकांसाठी योग्य: ग्रँड प्री फोर सीझन, व्हिटोरिया रुबिनो प्रो यांसारखे. फोर सीझनमध्ये संरक्षक पट्ट्याचे दोन थर आणि कुशीवर वेगळी जाळी आहे. वजन थोडं जास्त, पण ओल्या रस्त्यावर पकड राहते. पुणे-सातारा किंवा मुंबई-नाशिक हायवेची कडेची पट्टी हाच नेहमीचा रस्ता असेल आणि मधूनमधून घाट उतरायचे असतील, तर इथूनच निवडा.

तिसरा वर्ग दणकट: कॉन्टिनेंटल गेटरस्किन, श्वाल्बे ड्युरानो प्लस, आणि त्याहून जाड मॅरेथॉन प्लस, ज्यात ट्रेडखाली ५ मिमी जाडीचा रबरी थर आहे. तार आणि सराट्यावर याच्यासारखा उपाय नाही. किंमत मात्र पायांनी मोजावी लागते, कारण जाड टायर प्रत्येक फेरीत वाकताना जास्त ऊर्जा खातो. कडक रबराची ओल्या रस्त्यावरची पकडही कमी असते. रोजच्या ऑफिसच्या ये-जा करण्याला आणि लांबच्या टूरला घ्या. पावसात वरंधा किंवा आंबोली उतरायची असेल तर पुढे मधल्या वर्गातला आणि मागे दणकट अशी जोडी लावा. पंक्चर मागे जास्त होतात, पकड पुढे जास्त लागते.

खोक्यावरच्या टीपीआय आकड्याने भुलू नका. तो धाग्यांच्या विणीची घनता सांगतो, पण काही कंपन्या सगळे थर एकत्र मोजतात. ३/३३० म्हणजे ११० चे तीन थर. दुसऱ्या कंपनीच्या एका थराच्या १२० शी त्याची थेट तुलना होत नाही.

घडी होणारा टायर आणि तारेच्या कडेचा टायर यांत पंक्चरच्या दृष्टीने फरक नाही. तारेचा ५०-१०० ग्रॅम जड, पण स्वस्त. नक्षीचाही रोड टायरला फारसा उपयोग नाही. इतका अरुंद आणि फुगलेला टायर पाण्यावर तरंगत नाही, पकड रबराच्या मिश्रणातून येते.

ट्यूबलेसचं काय? तार आणि सराटा यांच्यासाठी सीलंट, म्हणजे टायरच्या आत भरायचं भोक बुजवणारं द्रव, खरोखर चांगलं काम करतं. तीनेक मिमीपर्यंतची भोकं चालता चालता बुजतात. पण रिम ट्यूबलेसची हवी, २८ मिमीच्या टायरला ३०-४० मिली सीलंट लागतं, आणि आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. जो दर तिमाहीला टायर उघडून सीलंट भरणार नाही त्याने ट्यूबच ठेवावी. सुकलेलं सीलंट काहीच बुजवत नाही.

बसवताना होणारी पंक्चर

नव्या टायरमध्ये पहिल्याच दिवशी पंक्चर झालं तर बहुधा ट्यूब टायरच्या कडेखाली चेमटलेली असते. ट्यूब टायरच्या रुंदीची घ्या. फार मोठी असली तर आत घडी पडते आणि घडीवर चिरते. ट्यूबमध्ये अगदी थोडी हवा, फक्त गोल आकार येईपुरती. बसवायला व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात, शेवट व्हॉल्व्हपाशी. बसलेला भाग बोटांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत आणा, म्हणजे शेवटचा अवघड भाग तळहाताने चढतो. पंक्चरवाल्याचे लोखंडी पाने ॲल्युमिनियमच्या रिमला खाचा पाडतात आणि ट्यूब चिमटतात. खिशात प्लास्टिकचे दोन लिव्हर ठेवा आणि तेच वापरा असं त्यालाही सांगा. शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून पुन्हा ओढा, दोन्ही बाजूंनी टायर दाबत गोल फिरा, ट्यूब कुठे डोकावत नाही ना बघा. ३० पीएसआयला थांबून टायरच्या कुशीतली बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते तपासा. मगच पूर्ण भरा.

ठिगळाचा दोषही इथेच लिहायला हवा, कारण "पंक्चर पुन्हा" म्हणून येणाऱ्या ट्यूबमध्ये सुटलेलं ठिगळ वारंवार दिसतं. सोल्यूशन ओलं असतानाच ठिगळ चिकटवलं की ते सुटणारच. जागा पॉलिश पेपरने ठिगळापेक्षा थोडी मोठी घासा, पातळ थर लावा, पाच मिनिटं थांबा, चमक गेली की ठिगळ ठेवून अंगठ्याने जोरात दाबा. नुसती चिकटवायची तयार ठिगळं घरी पोहोचण्यापुरती.

हवा

७५ किलोच्या माणसासाठी ट्यूबच्या टायरला सुरुवातीचे आकडे (पीएसआयमध्ये): २५ मिमीला मागे ८५-९०, पुढे ८०-८५. २८ ला मागे ७०-७८, पुढे ६५-७२. ३२ ला मागे ५५-६२, पुढे ५०-५७. वजनात दर पाच किलोमागे दोन-तीन पीएसआय वर-खाली करा. टायर आणि रिमवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका, दोन्हींपैकी कमी असेल ती पाळा. हुकलेस रिमवर यातले ७२.५ च्या वरचे आकडे लागू नाहीत.

अंगठ्याने दाबून अंदाज करू नका, ५० आणि ९० दोन्ही दगडासारखेच लागतात. पेट्रोल पंपावरची हवा गाडीच्या ३०-३५ पीएसआयच्या हिशेबाची असते, तिथे भरून निघालात तर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब चेमटेल. मीटरचा उभा पंप घरी हवाच. साध्या ब्युटाइल ट्यूबमधूनही हवा हळूहळू झिरपते, म्हणून आठवड्यातून दोनदा आणि लांबच्या राइडच्या सकाळी भरा. लेटेक्स ट्यूब असेल तर रोज.